तीनशे डॉलरची मालकीण

ऋषिपंचमीचा दिवस, २८ ऑगस्ट २०२५. दुपारी आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं. गॅरेजमध्ये पाण्याने भरलेली निळी बादली, नवऱ्याच्या हातात मूर्ती, मुलीच्या हातात झांजा. शेजारचे आजोबा दरवर्षीसारखे आरतीला आले होते. चाळीस वर्षं पेपर मिलमध्ये काढलेला माणूस. 'मोरया' म्हणताना त्यांचा र घोळतो, पण टाळी बरोबर ठेक्यात पडते. मूर्ती पाण्यात गेली आणि तेवढ्यात आधी त्यांचा फोन वाजला, मग माझा, मग नवऱ्याचा. अमेरिकन फुटबॉलमधला मोठा खेळाडू मायका पार्सन्स डॅलसचा संघ सोडून आमच्या गावच्या संघाकडे, ग्रीन बे पॅकर्सकडे येत होता.

आजोबांच्या हातात अर्धा खाल्लेला मोदक तसाच राहिला. त्यांनी एवढंच विचारलं, "बदल्यात आपण काय दिलं?"

दिलं होतं पुष्कळ. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक, आणि वर केनी क्लार्क, म्हणजे २०१६ पासून इथेच खेळलेला, गावाचा लाडका गडी. शिवाय पार्सन्सला ४ वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर.

पिकचं थोडं सांगते, कारण आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. कॉलेजातून येणाऱ्या पोरांसाठी इथे बोली लागत नाही, संघांची रांग लागते. तिला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला तो रांगेत पहिला. ३२ संघ, सात फेऱ्या. रांगेतली ती जागा म्हणजे पिक, आणि ती दुसऱ्याला देता येते, पुढच्या वर्षांचीसुद्धा. म्हणजे आज शाळा-कॉलेजात असलेलं, कुणी नावही न ऐकलेलं एखादं पोर आपण आज देऊन टाकत असतो. म्हणून इथली माणसं पिकबद्दल बोलताना शेतकरी बियाण्याबद्दल बोलतो तशी बोलतात. खायला काढायचं की पेरायला ठेवायचं?

आजोबा पेरायला ठेवणाऱ्यांतले. त्यांचं कारण १९७४ सालचं आहे. त्या वर्षी प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांनी जॉन हॅडल या उतारवयाच्या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूसाठी, लॉस एंजलिसच्या रॅम्सना पाच पिक दिले, त्यात पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन. हॅडलने पॅकर्ससाठी ९ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास दिले आणि २९ वेळा चेंडू विरोधकांच्या हातात दिला. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला, पण आजोबा ती सांगतात तेव्हा काल घरात चोरी झाल्यासारखं सांगतात. उलट १९९२ मध्ये पॅकर्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर रॉन वुल्फ यांनी पहिल्या फेरीचा एक पिक अटलांटाला देऊन ब्रेट फार्व्ह या तरुण क्वार्टरबॅकला आणलं. तिथे त्या पोराने चार पास टाकले होते आणि एकही आपल्या माणसाच्या हातात पडला नव्हता. त्याच पोराने पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. या दोन गोष्टींच्या मधे सगळं ग्रीन बे उभं आहे. ट्रेड, म्हणजे अशी अदलाबदल, झाला की अर्धं गाव हॅडल म्हणतं, अर्धं फार्व्ह म्हणतं.

मी पहिल्या दिवसापासून फार्व्हच्या बाजूची. लॅबमध्ये कागदाचा ओलावा मोजता मोजता मी हा वाद किती वेळा घातला असेल याला गणती नाही. माझं म्हणणं साधं आहे. पार्सन्स २६ वर्षांचा. पहिल्या चारही हंगामांत प्रत्येकी १२ किंवा जास्त सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू असतानाच त्याला आडवं करणं. हॅडल ३४ वर्षांचा होता, हा फरक कुणी लक्षातच घेत नाही. आणि आपला संघ बरा खेळतो, म्हणजे रांगेत आपली जागा विसाव्या नंबराच्या आसपास किंवा त्याच्याही मागे. तिथे मिळणारं पोर पार्सन्सइतकं निघण्याची शक्यता किती? माहीत असलेला हिरा सोडून बंद डबी कशाला घ्यायची? दुसरं असं की २०११ च्या फेब्रुवारीनंतर सुपर बोल इथे आलेला नाही. बियाणं राखत राखत किती वर्षं काढायची?

मग १४ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये पार्सन्सच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तोवर त्याचे साडेबारा सॅक झाले होते. टीव्हीवर तो गुडघा धरून बसलेला दिसला आणि आमच्या घरात कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेर मशीनचा आवाज आला. बघते तर आजोबा त्यांचा स्नोब्लोअर घेऊन आमच्या दारापुढचा बर्फ काढत होते. मी जॅकेट चढवून बाहेर गेले. मला वाटलं, आता हॅडलचं नाव निघणार. त्यांनी काढलं नाही. "थंडी आहे, आत जा," एवढंच म्हणाले. मग मीच सुरू झाले, उणे पंधरात, चपलांवर. दुखापत कुणालाही होते, पिकमधून आलेल्या पोरालाही होते, निर्णय चूक की बरोबर हे घेतलेल्या दिवशी ठरतं, नशिबाने नंतर काय केलं त्यावर नाही. त्यांनी मशीन बंद करून सगळं ऐकून घेतलं. मला आजही तसंच वाटतं. एप्रिलमध्ये पहिल्या फेरीत आपलं नाव पुकारलं जाणार नाही आणि मला वाईट वाटेल, तरीही.

आता 'आपण'बद्दल. आपला संघ, आपण हरलो असं सगळेच चाहते म्हणतात. पण ग्रीन बेमध्ये ते कागदोपत्री खरं आहे. या संघाला शेठ नाही. १९२३ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा गावातल्या लोकांनी पाच डॉलरला एक असे हजार शेअर विकत घेऊन तो वाचवला. आज ५ लाख ३७ हजारांहून जास्त भागधारक आहेत आणि गाव आहे लाखभर वस्तीचं, इचलकरंजीच्या निम्म्याहूनही लहान. शेवटची विक्री २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ३०० डॉलरला एक शेअर. मी एक घेतला. आजोबांकडे त्यांच्या वडिलांनी १९५० मध्ये २५ डॉलरला घेतलेला आहे, बेसमेंटमध्ये फ्रेम करून लावलेला. माझा आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.

या कागदावर लाभांश नाही. तो बाजारात विकता येत नाही, घरच्यांच्या नावे करता येतो. सामन्याचं तिकीटसुद्धा त्यावर मिळत नाही. आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर तरी मिळते. पण त्या कागदामुळे हा संघ कुठे जाऊ शकत नाही, आणि हे मला फार मोठं वाटतं. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरच्या कोल्ट्सच्या मालकाने एका रात्रीत सामान ट्रकांत भरून संघ इंडियानापोलिसला नेला. लोक सकाळी उठले तर संघ नाही. क्लीव्हलंडने १९९५ मध्ये तेच दुःख भोगलं. ग्रीन बेच्या घटनेत लिहून ठेवलंय की संघ विकलाच तर पैसा पॅकर्सच्या धर्मादाय फाउंडेशनला जाईल, भागधारकाला छदाम नाही. विकण्यात कुणाचाच फायदा नाही म्हणून कुणी विकत नाही. इतकी सरळ युक्ती. लीगने आता अशी मालकी बंद केली आहे, पॅकर्सना जुने म्हणून चालू दिलंय.

जुलैमध्ये पॅकर्सच्या स्टेडियममध्ये, लॅम्बो फील्डवर, वार्षिक सभा असते. मैदानाभोवती ॲल्युमिनियमच्या बाकांवर बसून हिशेब ऐकायचा. लीगमध्ये दरवर्षी ताळेबंद उघड करणारा हा एकटाच संघ. अध्यक्षाने सत्तरीला पायउतार व्हायचं असा नियम आहे. मार्क मर्फी सत्तर वर्षांचे झाले, एड पॉलिसी आले, कुठे आरडाओरड नाही. मला या नियमाचं इतकं कौतुक वाटलं की घरी फोन करून सांगितलं.

दादा म्हणाला, "आणि पार्सन्सला घ्यायचं का नाही, तुला विचारलं काय?"

नाही विचारलं. आम्ही संचालक निवडतो, संचालकांची कार्यकारी समिती, तिचा अध्यक्ष, तो जनरल मॅनेजर नेमतो, आणि ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी ट्रेड केला. मला फोनवरच कळलं, विसर्जनाच्या वेळी. डॅलसमध्ये जेरी जोन्स हे मालकही आणि जनरल मॅनेजरही. १९८९ मध्ये १४ कोटी डॉलरला संघ घेतला, तेव्हापासून शेवटचा शब्द त्यांचा. पार्सन्सच्या एजंटला बाजूला ठेवून त्यांनी त्याच्याशी थेट बोलणी केली आणि तिथेच बिनसलं, असं माझं मत आहे. पण त्याच माणसाच्या संघाने १९८९ मध्येच हर्शेल वॉकर हा आपला गडी देऊन मिनेसोटाकडून पिकांचा ढीग आणला आणि पुढे तीन सुपर बोल जिंकले. हे आजोबाही मान्य करतात, नाखुशीने.

दादाला माझी ही मालकी पटत नाही. तो म्हणतो, मालक ते जे ठरवतात. आमच्या कोल्हापुरात बघ. पेठ वर्गणी काढते, तालीम फुटबॉलचा संघ उतरवते, आणि खेळाडू घेण्यात चूक झाली तर घेणाऱ्याला संध्याकाळी कट्ट्यावर उत्तर द्यावं लागतं. तू दिलेस पंचवीस हजार आणि मिळाला कागद. तेवढ्यात आपल्या तालमीच्या पोरांचे वर्षाचे बूट झाले असते.

हे मला लागलं. दोन-तीन दिवस डोक्यातून गेलं नाही. कारण बुटांचं खरं होतं. बाबा होते तोवर आमच्या घरातून वर्गणी जायची, मी इकडे आल्यावर माझ्याकडून कधी गेली नाही. कुणी मागितली नाही आणि मी विचारलं नाही.

पण दादाच्या बोलण्यात एक गोष्ट सुटली आणि मला ती मांडायचीच आहे. मी पेठेतच वाढले. शाहू स्टेडियममधला गलका वारा असेल तर आमच्या माडीवर यायचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, कोण कुणाकडून खेळतो हे मला पाठ होतं. नोंदणीचे दिवस आले की कुठला गडी कुठल्या पेठेने फोडला यावर खाली कट्ट्यावर रात्री बारापर्यंत वाद चालायचे. मी ते सगळे माडीच्या खिडकीतून ऐकले. बाबा जेवायला वर आले की मी विचारायचे, त्या डाव्या पायाच्या पोराला का सोडलं? बाबा हसायचे आणि म्हणायचे, भाकरी वाढ. बाबा प्रेमळ होते. पण कट्टा खाली होता आणि मी वर.

इथे आजोबांची नात, वय एकोणीस, ड्राफ्टच्या दिवशी वही घेऊन बसते आणि आजोबांना खोडून काढते. २०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच झाला. एप्रिलच्या थंडीत लॅम्बोबाहेर माणसांचा समुद्र होता आणि आम्ही तिघी, ती, मी आणि माझी मुलगी, त्यात उभ्या होतो. २३ व्या नंबरावर टेक्ससचा रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा, मॅथ्यू गोल्डन पुकारला गेला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि लगेच विचारलं, "रिसीव्हर हवा होता की कॉर्नर?" मला. मी म्हटलं, रिसीव्हर, २००२ नंतर पहिल्या फेरीत एकही घेतला नव्हता. ती म्हणाली, चूक, कॉर्नर, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा. मग आम्ही अर्धा तास भांडलो.

मोठा बर्फ पडला की लॅम्बोवर फावडी चालवायला गावातल्या लोकांना बोलावतात, तासाच्या मजुरीवर. मी एकदा नातीबरोबर गेले. बाकांवरचा बर्फ ढकलत न्यायचा आणि घसरगुंडीसारख्या पन्हळीत सोडायचा. फावडं ओढलं की खालून बाकाचा आकडा निघतो, १४, १५, १६. आपल्यासाठी नसलेल्या जागा आपण मोकळ्या करत असतो, कारण हंगामी तिकिटांच्या यादीत माझा नंबर माझ्या हयातीत लागणार नाही. तरी त्या दिवशी मला जे वाटलं ते दादाला फोनवर सांगता आलं नाही.

मी बुटांचे पैसे पाठवले. नाव न सांगता द्यायला सांगितले होते, दादाने कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आईच्या गुडघ्याचं झालं, पार्सन्सच्या गुडघ्याचंही झालं. मग जरा थांबून म्हणाला, "आपला स्ट्रायकर गेला दुसऱ्या पेठेत. पैशात कमी पडलो. आता दोन मतं आहेत. बाहेरचा तयार गडी आणायचा, का तालमीतलंच एक पोरगं आहे, त्याला उतरवायचं? तुला काय वाटतंय?"

गॅसवर आमटी होती. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "आधी सांग, पोरगं किती वर्षांचं आहे?"