व्हिटॅमिन डी कमी आलंय? आधी टेस्ट कोणती ते बघा

आजच्या रिपोर्टांतही तोच घोळ. लाइम (गोचीड चावल्याने होणारा जिवाणूसंसर्ग) झाल्यावर महिनोन्‌महिने थकवा, अंगदुखी. आणि टेस्ट केली १,२५-डायहायड्रॉक्सीची, म्हणजे डीच्या सक्रिय रूपाची! शरीरातला डीचा साठा कळतो तो २५-हायड्रॉक्सीच्या टेस्टवरून. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे कमतरता. सक्रिय रूप मात्र तेव्हाही नॉर्मल, कधी जास्तही येतं, कारण पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढून मूत्रपिंडाला ते रूप बनवायच्या कामाला जुंपतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून डी बंद करणं मला तरी पटत नाही.

पातळी घसरायला कारणं साधी असतात. माणूस घराबाहेर पडत नाही. लाइमवरचं अँटिबायोटिक डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर उन्हाने कातडी भाजते, म्हणून ऊन टाळावंच लागतं.

खरी गडबड गोळीत होते. डीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅल्शियम असतं, ते पोटात डॉक्सीसायक्लिनला चिकटतं आणि औषध नीट शोषलंच जात नाही. दोन्हींत किमान २-३ तास अंतर हवं. पाकिटामागचं वाचा हो, समोर नुसतं 'डी ३' लिहिलेलं असतं! नुसतं डी असेल तर तेलातुपाच्या जेवणासोबत घ्या. डोस डॉक्टर ठरवतील. पुन्हा तपासणी साधारण ३ महिन्यांनी. मधेच खूप तहान, मळमळ, बद्धकोष्ठता सुरू झाली तर गोळी थांबवून रक्तातलं कॅल्शियम बघायचं.

आणि हो, डी भरून निघाल्याने लाइम बरा होत नाही.