मिरिसाचे देवमासे: उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर

मे महिन्यात श्रीलंकेतल्या मिरिसाला देवमासे बघायला जाऊ नका. एप्रिलच्या उत्तरार्धातही नको. मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्याकडची बरीच कुटुंबं श्रीलंकेला निघतात, आणि त्यांच्या सहलीच्या पत्रकात गॉल, चहाचे मळे यांच्यासोबत 'मिरिसा: ब्लू व्हेल दर्शन' अशी एक ओळ हमखास असते. आमच्याही पत्रकात होती. "मे अखेरपर्यंत सीझन चालतो, समुद्र अगदी तळ्यासारखा असतो," असं मुंबईत बसलेल्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं. ते साफ खोटं आहे.

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हा हंगाम डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा. त्यातले फेब्रुवारी आणि मार्च सर्वांत भरवशाचे. एप्रिलच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची चाहूल लागते, मेमध्ये समुद्र खवळतो आणि पुढे बोटी बंदच होतात. शिवाय 13-14 एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात निम्मं गाव बंद, आणि जे उघडं असतं तिथे पाय ठेवायला जागा नाही. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हंगाम सुरूही झालेला नसतो. नाताळच्या सुट्टीत जा, किंवा मुलांची शाळा बुडवून फेब्रुवारीत जा.

आम्ही गेलो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात.

आधी पैशाचं. आम्ही उतरलो त्या गेस्ट हाऊसच्या मालकाने माणशी 60 डॉलर सांगितले, "सगळ्यांत मोठी बोट, शंभर टक्के गॅरंटी" म्हणून. संध्याकाळी चालत बंदरावर गेलो, तर त्याच बोटीच्या माणसाने काहीही घासाघीस न करता 40 डॉलर सांगितले. मधले 20 डॉलर कमिशनचे. टुकटुकवाल्यालाही असंच कमिशन मिळतं, म्हणून तो तुम्हाला तुमच्या नाही, त्याच्या पसंतीच्या ऑफिसात नेतो. मिरिसाचं मासेमारी बंदर गावाच्या पश्चिम टोकाला, चालत जाण्याजोगं आहे. आदल्या संध्याकाळी स्वतः जा, बोट डोळ्यांनी बघा, किती माणसं घेणार ते विचारा आणि मग पैसे द्या.

त्या 'गॅरंटी'चा अर्थही समजून घ्या. देवमासा दिसला नाही तर पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्या दिवशी फुकट फेरी मिळते. तुमचा पुढचा मुक्काम ठरलेला असतो, त्यामुळे ती फेरी घेणारे फार थोडे. आणि लांबवर एक फवारा उडालेला दिसला तरी ते 'दर्शन'च. गॅरंटी हा शब्द जो जास्त वेळा उच्चारतो त्याच्याकडे बुकिंग करू नका.

आता बोटीच्या परतीचा टप्पा. हा कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बोट पहाटे साडेसहाच्या सुमारास सुटते. आम्हाला सांगितलं होतं 'तीन-चार तास', प्रत्यक्षात दुपारी एक वाजेपर्यंत समुद्रावर होतो. जाताना काही वाटत नाही. सकाळचा वारा हलका असतो, बोट लाटेला नाक लावून जाते, नाश्त्याला सँडविच, केळी, अननस मिळतो, सगळे खुशीत फोटो काढतात. त्रास सुरू होतो दहानंतर. मिरिसाच्या पूर्वेला देवुन्दर हे श्रीलंकेचं दक्षिण टोक. तिथून थेट दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. एवढ्या मोकळ्या पाण्यावरून आलेली लांब, जाड लाट वारा नसतानाही असतेच, आणि एप्रिलअखेर तिच्यावर नैर्ऋत्येचा वारा चढतो. परतताना ही लाट मागून आणि बाजूने, तिरकी येते. बोटीचं बूड आधी उचललं जातं, मग ती कुशीवर कलते आणि मग पुढे घसरते. दीड-दोन तास सलग हेच. त्यात वारा पाठीमागून असल्यामुळे डिझेलचा धूर मागे न जाता वरच्या डेकवरच रेंगाळतो. वरच्या डेकची तिकिटं आम्हाला 'प्रीमियम' म्हणून जास्त पैसे घेऊन विकली होती. सर्वांत जास्त हेलकावा आणि सर्वांत जास्त धूर तिथेच.

आमच्या ग्रुपमध्ये नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारे दोघे होते. दोघेही आडवे झाले. बोट लागण्याचा आणि फिटनेसचा काही संबंध नाही, हे लक्षात ठेवा. बोटीवरची पोरं पिशव्या आणि आल्याचे तुकडे घेऊन फिरत होती, त्यांनी जिवापाड काळजी घेतली, पण तोवर उशीर झालेला असतो. उलटीवरची गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तासभर एक अशी पोटात हवी. कोणती आणि किती ते आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या. बोटीवर वाटतात ती गोळी बोट सुटताना मिळते, तिचा उपयोग कमी. बसायचं खालच्या डेकवर, मध्यभागापासून थोडं मागे, नजर क्षितिजावर. मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहिलात की संपलं. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण आदल्या रात्री कोट्टू (रोटीचे तुकडे परतून केलेला तिथला पदार्थ) आणि तळलेले मासे हादडूनही जाऊ नका.

एवढं सोसून त्या दिवशी बघायला काय मिळालं? एक देवमासा आणि त्याच्याभोवती नऊ बोटी. फवारा दिसला की सगळे चालक इंजिन रेटून तिकडे धावायचे. श्रीलंकेत 2012 पासून नियम आहे, देवमाशापासून 100 मीटर लांब राहायचं. आमच्या चालकाने तो आमच्यासमोर पुन्हा पुन्हा मोडला, आणि डेकवरचे आपलेच लोक "और पास, और पास" म्हणून ओरडत होते. मला याचा मनापासून संताप आला. ब्लू व्हेल वर आला की थोड्या थोड्या अंतराने अनेकदा श्वास घेतो आणि मग दहा-पंधरा मिनिटांची खोल बुडी मारतो. चारी बाजूंनी इंजिनं घोंघावली की तो श्वास अर्धवट टाकून खाली जातो. त्याचं खाणं मोडतं, आणि तुम्हाला दिसते ती फक्त बुडणारी पाठ. पाठलाग करणारी बोट कमी दाखवते. हे मी दोन्ही प्रकारच्या बोटींवर बसून सांगतोय.

कारण नंतर आम्ही वेगळ्या बोटीने गेलो. बोट लहान, माणसं वीसेक, वरचा डेक नाहीच. चालक वयस्कर, मूळचा मच्छीमार. किती जवळ नेणार, असं मुद्दाम विचारलं. "जवळ नाही नेणार," एवढंच म्हणाला. तिथेच पैसे दिले.

तो सरळ दक्षिणेला गेला, जहाजांच्या वाटेपर्यंत. तिथे इंजिन बंद केलं आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं. उजवीकडे कंटेनरचं अजस्र जहाज चाललं होतं. सुएझकडून मलाक्काकडे जाणारी सगळी वाहतूक देवुन्दरला वळसा घालून जाते आणि ही वाट नेमकी देवमाशांच्या खाण्याच्या जागेवरून आहे. इथे समुद्राखालचा उथळ कट्टा अगदी अरुंद आहे. किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर तळ एकदम हजार मीटरच्या खाली जातो, म्हणून हे प्राणी किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात. इतर महासागरांतले ब्लू व्हेल थंड पाण्यात खातात आणि उष्ण पाण्यात पिल्लांना जन्म देतात. इथल्यांतले बरेचसे वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात, इथेच खातात. आशा डी व्होस या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञ बाईंनी हे जगासमोर मांडलं. जहाजांच्या धडकेने इथे देवमासे मरतात. 2022 मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं स्वतःहून सुमारे 15 सागरी मैल आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही तेच करायला हवं. ते जहाज आणि तो प्राणी एका नजरेत बघितल्यावर याबद्दल दुसरं मत राहत नाही.

आधी आवाज आला. प्रेशर कुकरची शिट्टी सुटावी तसा, पण खोल आणि लांबलेला. फवारा सरळ उभा, दोन-तीन मजली उंच. मग पाण्याखाली एक फिकट निळसर-हिरवा पट्टा पसरत गेला, पसरतच गेला, संपेचना. पाठ वर आली ती राखाडी, डागाडागांची, आणि कितीतरी वेळाने शेवटाला तो पाठीवरचा एवढासा पर. इंजिन बंद होतं म्हणून तोच आमच्या दिशेने आला आणि बोटीला समांतर चालत राहिला. श्वासांमागून श्वास. शेवटी पाठीची कमान केली आणि शेपूट सरळ हवेत उभं केलं, कडांवरून पाणी निथळत. ब्लू व्हेल सगळीकडे शेपूट दाखवत नाहीत. इथले बऱ्याचदा दाखवतात. बायको रडत होती, मीही. आयुष्यात यापेक्षा मोठं काही बघेन असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी परतीचा तो टप्पा मी उद्या पुन्हा करायला तयार आहे.

तर बोट निवडताना दोनच प्रश्न विचारा. किती लांब थांबता, आणि देवमासा दिसल्यावर इंजिन बंद करता का? उत्तर देताना जो हसतो, त्याच्याकडून उठा. देवमाशांबरोबर पाण्यात उतरवतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगात हवं, मापाचं नसेल तर बोट सुटण्याआधी बदलून मागा. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. मुलं ना धड बघत, ना धड झोपत. टोपीला दोरी हवी, उन्हाचं क्रीम हवं (विषुववृत्त फक्त सहा अंशांवर आहे, ढग असले तरी कातडी सोलवटते), लांब बाह्यांचा शर्ट हवा. चपला चढतानाच काढून घेतात, डेक दुपारी चटके देतो, म्हणून मोजे न्या. दुर्बीण न्या. 100 मीटरवरून मोबाइलने काढलेल्या फोटोत फक्त समुद्र येतो.

कोलंबोहून यायला फोर्ट स्टेशनवरून मातराकडे जाणारी गाडी पकडा, डावीकडे न बसता उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. जलद गाडीने वेलिगामाला उतरून टुकटुक. टुकटुकवाले स्टेशनवर तिप्पट सांगतात, अॅपवरचा दर आधी मोबाइलवर काढून त्यांना दाखवा. गॉल, उनावतुना छान आहेत, सोपे आहेत, त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

आणि सुट्टी मेमध्येच मिळणार असेल, तर देवमाशांसाठी मिरिसाचा हट्ट सोडून पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला जा. नैर्ऋत्येचा वारा तिथे जमिनीवरून येतो, त्यामुळे मिरिसाला लाटा उसळत असतात तेव्हा तिथला समुद्र शांत असतो, आणि ब्लू व्हेल त्या महिन्यांत तिकडेही असतात. कोलंबोहून रात्रीची रेल्वे आहे. तिचं आरक्षण मात्र आधी करा, आयत्या वेळी मिळत नाही.