दुपारचा पाव का बसायचा?

नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत मी अकरा वर्ष मेंटेनन्सला होतो, पॅनल, मोटारी, सेन्सर हेच काम. कंपनी सुटली तेव्हा सासऱ्यांची बंद पडायला आलेली बेकरी मी आणि बायकोने चालवायला घेतली. माल म्हणजे मुख्य लादी पाव, सोबत थोडी खारी आणि नानकटाई. सकाळचा पाव मिसळवाल्यांकडे जायचाच, वडापावच्या गाड्यांसाठी दुपारची बॅच मी नव्याने सुरू केली.

पहिला उन्हाळा आला आणि दुपारचा पाव बिघडायला लागला. ट्रेमधे मस्त फुगायचा, भट्टीत गेला की बसायचा, वरची साल सुरकुतलेली, आत मोठी भोकं, वास आंबूस. सकाळचा मात्र एक नंबर. गाडीवाले लाद्या परत पाठवायला लागले. मी आधी यीस्टवाल्याला धरलं, दुसऱ्याकडून यीस्ट आणलं, त्याच दिवशी मैद्याची गोणी बदलली, साखर पण कमी केली, तरी पाव बसलाच, मग चाचांवर आवाज चढवला. चाचा म्हणजे आमचे उस्ताद, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. ते एवढंच म्हणाले, "शेठ, हात तर तोच आहे ना, सकाळी पण नि दुपारी पण."

ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. कंपनीत कोणी असे तीन पार्ट एकदम बदलले असते तर मीच ओरडलो असतो, कारण मग कशाने सुटलं आणि कशाने बिघडलं काहीच कळत नाही. चालू मशीन आणि बंद मशीन शेजारी ठेवून फरक शोधायचा हे मी पोरांना शिकवायचो, आणि इथे चालू बॅच रोज सकाळी माझ्या डोळ्यासमोर होती.

दुसऱ्या दिवशी जुनं यीस्ट, जुनी साखर, सगळं होतं तसं केलं आणि वही घातली. सुईचा थर्मामीटर आणला. मैदा, खोली, पाणी आणि मळून झालेलं पीठ, प्रत्येक बॅचला चार आकडे. तिसऱ्या दिवशी उत्तर वहीतच दिसलं: सकाळचं पीठ 27 अंश, दुपारचं त्याहून कितीतरी गरम. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, दुपारी नळाला हात लावला तर चटका बसायचा. एवढ्या गरम पिठात यीस्ट सुसाट सुटतं, आणि टेम्पो चारला येतो म्हणून फुगवायची वेळ मीच घड्याळावर बांधून ठेवलेली, चाचांना लवकर भट्टीत घालायची मुभाच नव्हती. पीठ जास्त फुगून दमलेलं असायचं, मग भट्टीत ते उभं कसं राहणार.

आता हिशोब असा करतो. पीठ 27 ला हवं तर 27 गुणिले 3 (मैदा, खोली आणि पाणी असे तीन) म्हणजे 81, त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे अंश (आमच्या मिक्सरला साधारण 10) वजा करायचे. मैदा 31, खोली 35 असेल तर पाणी 5 अंशाचं लागतं, म्हणजे बर्फ आलाच. बर्फाचं वजन मात्र पाण्यातच धरायचं, नाहीतर पीठ सैल पडतं. पहिल्याच बर्फाच्या बॅचला पाव उभा राहिला. मी सगळ्या पोरांसमोर चाचांना सांगितलं की चूक माझी होती, आणि यीस्टवाल्याला फोन करून माफी मागून परत त्याच्याकडूनच माल सुरू केला.

नंतर भट्टीत एक ट्रे करपायला लागला तेव्हा ट्रेच्या जागा बदलून बघितल्या. करपणं ट्रेबरोबर गेलं नाही, डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातच राहिलं, म्हणजे ट्रे ठीक, भट्टीत लोचा. मग ब्रेडच्या स्लाइस भट्टीभर ओळीने मांडून पाच मिनिटं भाजल्या. कुठे काळ्या, कुठे पांढऱ्या, भट्टीचा नकाशाच समोर आला. दाराचं गॅस्केट, म्हणजे फटीतून हवा जाऊ नये म्हणून लावलेली पट्टी, उजवीकडे गेलेलं, तिथून गरम हवा निसटायची, ती बाजू भाजेना म्हणून आम्ही आच वाढवायचो आणि डावा कोपरा जळायचा. गॅस्केट बदललं, आच कमी केली, मिटलं.

सध्या पावसाळ्यात खारी दोन दिवसात मऊ पडतेय. बरणीच्या झाकणातून हवा जाते की खारी गरम असतानाच भरली जाते, हे बघायला एकाच घाण्याची खारी दोन बरण्यांत ठेवलीय, एक लगेच भरलेली, एक पूर्ण गार करून. आकडे चाचाच लिहितात, मी विचारायच्या आधी.