पांढऱ्या फडक्यावरची काजळी

भोसरीतल्या ज्या प्लेटिंग शॉपमध्ये मी निकेलचा थर चढवण्याची लाइन सांभाळत असे, तिथे एका सकाळी थर घट्ट बसला का हे तपासण्यासाठी भट्टीत तापवून थंड पाण्यात टाकलेल्या प्रत्येक नमुन्यावर मुगाच्या दाण्याएवढे फोड आलेले दिसले. आदल्या दिवसापर्यंत त्याच टाक्यांतून निघालेले अ‍ॅल्युमिनियमचे जॉब, म्हणजे ग्राहकाचे भाग, याच परीक्षेला उतरले होते.

अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि त्या पापुद्र्यावर निकेल टिकत नाही. म्हणून आधी पृष्ठभाग खाणारा कॉस्टिक सोडा, मग त्यातून मागे राहणारी काजळी काढण्यासाठी नायट्रिक अ‍ॅसिड आणि त्यानंतर जस्ताचा पातळ थर देणारे झिंकेट असा आमचा क्रम होता. पहिला थर नायट्रिकने उतरवून दुसऱ्यांदा झिंकेट दिले, की जस्त बारीक कणांचे आणि एकसारखे बसते. साहजिकच सर्वांचा संशय झिंकेटवर गेला आणि ते द्रावण बदलण्याची तयारीही सुरू झाली. मी मात्र एक जॉब पहिल्या नायट्रिकनंतरच बाहेर काढला, धुतला आणि पांढऱ्या फडक्याने पुसला. फडके काळे झाले.

तांब्यामुळे आलेली काजळी नायट्रिकमध्ये लगेच विरघळते. सिलिकॉनची तशीच राहते. ग्राहकाकडे विचारणा केल्यावर कळले, की आधीचे जॉब ६०६३ या मिश्रधातूच्या पट्टीतून कापलेले होते, तर नवा लॉट एडीसी १२ या मिश्रधातूच्या डायकास्टिंगचा, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेल्या भागांचा होता. पहिल्यात सिलिकॉन एक टक्क्याहूनही कमी, दुसऱ्यात सुमारे १० ते १२ टक्के. ड्रॉइंग तेच असल्याने हा बदल आम्हाला कळवावा असे कोणाला वाटले नव्हते.

उपाय माहीत होता: नायट्रिकमध्ये अमोनियम बायफ्लोराइड घालायचे, म्हणजे नायट्रिक सिलिकॉनचे ऑक्साइड करते आणि फ्लोराइड ते विरघळवते. परंतु या मिश्रणात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होते, ते त्वचेतून आत शिरते आणि सौम्य द्रावणाच्या भाजण्याची वेदना कित्येकदा तासांनंतर जाणवते. त्यामुळे माल थांबला म्हणून वरून कितीही तगादा आला तरी, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आणि लांब हातमोजे हाताशी येईपर्यंत मी कोणालाही त्या पॉलिप्रॉपिलीनच्या टाकीजवळ जाऊ दिले नाही. दुपारचे तीन वाजले.

त्यानंतरच्या पहिल्या जॉबवर फडके पांढरे राहिले, धुताना पाण्याचा पडदा कुठेही तुटला नाही, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ होता, आणि संध्याकाळी भट्टीतून पाण्यात टाकलेल्या नमुन्यावर एकही फोड उठला नाही. सकाळच्या लॉटवरचे निकेल उतरवून तो पहिल्यापासून करण्यात मात्र पुढचे दोन दिवस गेले.