उंदीरमामाचा कान आणि चार फुगे

शनिवार, रात्री साडेअकरा

नखांत काळं, केसांत लोखंडाचा कीस, उजव्या कोपराजवळ ग्राइंडरच्या ठिणग्यांचे चार लाल टिपके. बायको म्हणाली, "आधी आंघोळ, मग काय ते लिही." आंघोळ झाली. वास तसाच आहे.

आज चासी कापली, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा.

सकाळी नऊपासून साडेबारापर्यंत मी नुसता खडूनं रेघा मारत होतो. मारायच्या, पुसायच्या, परत टेप लावायचा. १९७२ची शेवरोले सी-१० पिकअप, पन्नाशी उलटलेलं धूड. जो जो मालक झाला त्यानं तिच्यावर आपापली अक्कल चालवली, पण चासीला कुणी हात लावला नव्हता. तो मान माझा.

हे सगळं सुरू झालं उंदराच्या कानावरून. गेल्या वर्षी मंडळाचा गणपती आणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. शाडूची मूर्ती, हौद्यात गाद्याउशांत नीट बांधलेली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत, आमच्याच गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर मागचा एक्सल चासीवर असा धाडकन आपटला की माझेच दात वाजले. पोचून फाळका उघडला, तर उंदीरमामाचा डावा कान गादीवर वेगळा पडलेला. फेविकॉलनं चिकटवला. कुणी एक शब्द बोललं नाही, पण आरतीभर सगळे खालीच बघत होते असं मला तरी वाटलं.

कारण उघड होतं. आधीच्या कुणीतरी गाडी बसकी दिसावी म्हणून चारही स्प्रिंगांचे वेढे कापले होते. याला खर्च काही नाही, ग्राइंडरची एक चकती पुरते. स्प्रिंग आखूड होते, कडकही होते, आणि दबायला जागाच उरत नाही. नव्या स्प्रिंगा टाकल्या असत्या तर प्रश्न संपला असता. पण खरं सांगतो, गाडी बसकी दिसते ते मलाही आवडतं. बसकी हवी आणि आपटायला नको, या दोन्ही हट्टांना एकच उत्तर, ते म्हणजे हवेचे फुगे.

एअरबॅग म्हटलं की ऑफिसातल्यांना स्टिअरिंगमधून फुटणारी आठवते. ही ती नव्हे. शिवनेरीनं दादर–पुणे केलेल्या माणसाला समजावत बसावं लागत नाही. स्प्रिंगच्या जागी जाड रबराचा, कमरेत चिमटा घेतल्यासारखा फुगा. त्यात हवा भरली की गाडी उठते, सोडली की बसते.

पुढच्या स्प्रिंगा काढताना मी जीव मुठीत धरून होतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते, म्हणून साखळी घालून ठेवली होती. पण कापून इतक्या आखूड झालेल्या की चाक धरणारा आर्म खाली येताच स्प्रिंग अलगद माझ्या हातात. तेवढाच काय तो आधीच्या मालकाचा उपकार.

मागचं काम मात्र जिवावरचं. हवा सोडल्यावर एक्सल चासीच्या जवळ येतो आणि जागा नसेल तर तिला जाऊन टेकतो. म्हणून एक्सलच्या बरोबर वर चासीच्या पट्टीला खालून अर्धगोल खाच पाडायची, आणि त्या खाचेवर जाड पोलादी पट्टी बसवून बोल्टांनी आवळायची. कागदावर दहा मिनिटांचं काम. चकती पहिल्यांदा टेकवली तेव्हा वरचा रंग जळाला, त्याखाली गंज, त्याखाली एकदम चांदीसारखं चकचकीत लोखंड निघालं. १९७२ नंतर त्याला पहिल्यांदाच ऊन लागत असेल. मी पाच मिनिटं ग्राइंडर बंद करून उभा राहिलो. मग कापलं.

रविवार

शेजारचे आजोबा सकाळीच कॉफीचा मग घेऊन आले. जन्म सॅन होजेच्या पूर्व भागातला, दारात १९६४ची इम्पाला, तिला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं गाडी उठवणारे पंप. मला ते 'मीहो' म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं. फुगे बघून म्हणाले, "मीहो, हवा म्हणजे बस ड्रायव्हरांची गोष्ट. तेल म्हणजे खरी गोष्ट."

मग घोडीवर उभ्या गाडीशेजारी बादली उलटी घालून बसले आणि इतिहास सुरू. कॅलिफोर्नियात १९५८मध्ये कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. स्प्रिंगा कापून बसक्या केलेल्या गाड्यांवर पोलिसांच्या पावत्या फाटायला लागल्या. १९५९मध्ये रॉन अगीरे नावाच्या पोरानं आपल्या कॉर्व्हेटला, एक्स-सॉनिकला, हायड्रॉलिक पंप लावले. बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की गाडी कायदेशीर उंचीवर. इथल्या मेक्सिकन वस्तीतल्या पोरांनी हा जुगाड पार कलेपर्यंत नेला. अशा बसक्या गाड्यांचं 'लोरायडर' मासिकही १९७७मध्ये याच गावातून निघालं. रविवारी संध्याकाळी स्टोरी आणि किंग रस्त्यांच्या चौकात हळूहळू गाड्या फिरवायच्या, त्यावर शहराची बंदी होती, ती २०२२मध्ये उठली. राज्यभरातल्या अशा बंद्या आणि तो १९५८चा नियम १ जानेवारी २०२४पासून गेला.

"म्हणजे तू अगदी वेळेवर आलास," म्हणाले. "आमच्या वेळी हेच केलं की गुन्हेगार म्हणायचे. तुला शेजारी हौशी म्हणतात."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंही. त्यांनी मग दोन तास मला हौदा चढवायला मदत केली, वर माझ्या पान्यांच्या दर्जाला नावं ठेवली.

मंगळवार

ऑफिसनंतर वायरिंग. हवा भरणाऱ्या काँप्रेसरला वेगळा रिले, बॅटरीजवळ फ्यूज, हवेच्या टाकीतला दाब ११० पौंडांच्या खाली गेला की काँप्रेसर सुरू, १४५ला बंद. लिहिण्यासारखं काही नाही. एक वायर उलटी लावली होती, ती सुलटी केली.

बुधवार

रात्री गाडी चारी पायांवर सरळ उभी होती. सकाळी बघतो तर मागची डावी बाजू बसलेली, थकलेल्या बैलासारखी.

हवा गळणं हे या प्रकाराचं जुनंच दुखणं. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोमला कारखान्यातूनच हवेचं सस्पेन्शन होतं, आणि बऱ्याच मालकांनी गळतीला कंटाळून ते काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. हे वाचून जरा बरं वाटलं. गाडी उठली नाही ती नाहीच.

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ एक पंक्चरवाला होता. ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात फिरवायचा, बुडबुडा आला की बघायचासुद्धा नाही, अंगठा बरोबर तिथंच. माझ्याकडे घमेलं नाही. भांड्याचा साबण पाण्यात कालवून बाटलीत भरला आणि टॉर्च तोंडात धरून एकेका जोडावर फवारत गेलो. फुगा कोरडा. व्हॉल्व्ह कोरडा. टाकीच्या जोडावर काही नाही. शेवटी मागच्या डाव्या फुग्यात नळी शिरते तिथं मोहरीएवढे बुडबुडे, एकाला एक चिकटलेले, सावकाश फुगत होते.

चूक माझीच. नळी घाईत पकडीनं तोडली होती, टोक तिरकं. या जोडांत नळी नुसती खुपसायची असते, आतलं रबराचं कडं तिच्याभोवती घट्ट बसून हवा अडवतं. टोक तिरकं आणि चेपलेलं असेल तर कडं सगळीकडून बसत नाही. नव्या ब्लेडनं काटकोनात कापून परत खुपसली. बुडबुडे गेले.

एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवतो. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. आधी घोड्या, मग डोकं. आज मी विसरलो होतो.

शनिवार

पहिली फेरी. मागे ४० पौंड, पुढे इंजिनाचं वजन म्हणून ८५. त्याच स्पीडब्रेकरवरून नेली. धाडकन नाही, नुसतं हुंकारल्यासारखं. बायको शेजारी चहाचा कप घेऊन बसली होती, मुद्दाम. सांडला नाही. मग दारात येऊन हवा सोडली, गाडी फुस्स करत जमिनीला टेकली, तर म्हणाली, "अगं बाई, ही तर इथली व्हीटीएची सिटी बस!" आजोबांनी कुंपणापलीकडून 'मी काय म्हणत होतो' असे हात पसरले.

पण पूर्ण खाली बसवली की मागचं उजवं चाक मडगार्डच्या कडेला लागतंय. मागचा एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार असतो, त्याचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. गाडी वर-खाली होते तसा तो दांडा कमानीत फिरतो आणि एक्सलला एका बाजूला ढकलतो. स्प्रिंगवर फरक कळत नव्हता, आता कळतोय. लांब, आटे फिरवून जुळवता येणारा दांडा मागवला आहे. तो आला की अलाइनमेंट. चतुर्थीला अजून सोळा दिवस आहेत.

रविवार, सकाळी सात

टेप लावला. मागची डावी कालच्याच उंचीवर. मागची उजवी तशीच. पुढची उजवी तशीच. पुढची डावी पाव इंच खाली.

साबणाची बाटली कुठं ठेवली ते बायकोला विचारायला हवं.