पुन्हा मोज

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याची वही तपासत होते. एकाच नमुन्याच्या दोन मोजण्या, २१२ आणि २१२. "पुन्हा मोज," मी म्हटलं आणि दचकलेच. आवाज माझा होता, पण बोलल्या बाई. तेव्हा हा लेख बाईंवरच जाणार. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

बाई म्हणजे जीवशास्त्राच्या. आमच्या वेळच्यांना आडनाव सांगायला नको.

दहावीला पर्णरंध्रांचं, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांचं, प्रात्यक्षिक होतं. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान तिरकं फाडायचं, जांभळ्या बाजूचा सुटलेला पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातल्या गोलात किती रंध्रं दिसतात ते तीन ठिकाणी मोजायचं. पहिल्यांदा आली २३. घंटा व्हायला आली होती, म्हणून पुढच्या दोन रकान्यांतही मी २३ लिहून मोकळी झाले. बाई ओरडल्या नाहीत. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. पापुद्रा वाळला होता, नवा काढायला लावला. या वेळी आली २३, १९, २८. सगळंच चुकलं म्हणून मी रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, "अगं, पानाने तुझी वही वाचलेली नाही. आता बरोबर आलंय." गोलाच्या काठावर अर्धी दिसणारी रंध्रं धरायची की सोडायची, हेही विचारलं मी. "काय ते एकदा ठरव आणि मग तेच धर."

पुढे शुक्राणूंवर काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात न्यूबावर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची काच, आला. काचेवर कोरलेले बारीक चौकोन; वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेलं डोकं धरायचं, खालच्या आणि उजव्या रेषेचं सोडायचं. मला हसू आवरेना. जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिकाही बाईंसारखंच पुन्हा मोजायला सांगते: एकाच नमुन्यातून दोन थेंब वेगवेगळे घ्या, दर वेळी किमान २०० शुक्राणू मोजा, फरक फार आला तर दोन्ही आकडे टाकून द्या.

मोजणी ही नुसती सुरुवात. शुक्राणू जिवंत आहे, पळतोय, म्हणजे तो स्त्रीबीज फलित करील असं नाही. स्त्रीच्या जननमार्गात काही तास काढल्यावरच त्याला ती क्षमता येते, हे चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. याला म्हणतात कपॅसिटेशन. माझं सगळं आयुष्य या काही तासांत गेलं. आवरणातलं कोलेस्टेरॉल निघून जातं, शेपटीतल्या कॅटस्पर वाहिन्यांतून कॅल्शियम आत येतं आणि एका लयीत हलणारी शेपटी एकाएकी चाबकासारखी फटके मारू लागते. हजारदा पाहिलं असेल, अजूनही श्वास रोखला जातो.

नातेवाइकांना मात्र "ती पेशींवर काहीतरी करते" इतकंच सांगितलं जाई. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं फक्त बायकोच्या तपासण्या करणारी जोडपी भेटली की हा संकोच किती महाग पडतो ते कळतं. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही भाग पुरुषाकडे असतो आणि त्याची पहिली तपासणी म्हणजे वीर्याच्या नमुन्याची एक साधी बाटली.

बाईंना कसला संकोच! निवृत्तीनंतर भेटायला गेले तेव्हा लॅपटॉपवर शेपट्यांची चित्रफीत दाखवली. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "निघतात किती, पोचतात किती?" निघतात कोट्यवधी, बीजाजवळ पोचतात काहीशे, मी म्हटलं. "तू मोजलेस?" नाही, इतरांनी. "हं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

आता संगणकच मोजतो. कचऱ्याच्या कणालाही कधीकधी शुक्राणू म्हणतो, तरी मुलांचा त्याच्यावर भारी विश्वास. मागच्या खेपेला शाळेत आले होते. प्रयोगशाळा चकाचक झाली आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे आणि सूक्ष्मदर्शक कपाटात, कुलपाआड. वाईट वाटलं. रौप्यमहोत्सव असो की सुवर्ण, भिंग मुलांच्या डोळ्याला लागायला हवं.

दोन नवे सूक्ष्मदर्शक पाठवते आहे. अट एकच, ते कपाटात ठेवू नका. ऱ्हिओची कुंडी तेवढी तुम्ही आणा.