नावामागचं शेपूट

फ्रान्सिस बेकन १५६१ साली जन्मले आणि १९९२ साली वारले, अशी नोंद कुठे दिसली तर समजावं, लिहिणाऱ्याला डुलकी लागली होती. तत्त्वज्ञ बेकन १६२६ मध्येच गेले. १९९२ मध्ये गेले ते चित्रकार बेकन, १९०९ साली जन्मलेले. असं होऊ नये म्हणून ग्रंथालयातला तालिकाकार, म्हणजे पुस्तकांची सूची करणारा, नावामागे जन्म-मृत्यूच्या सालांचं शेपूट लावतो. सालं हाती लागली नाहीत तर आद्याक्षरांचं पूर्ण रूप शोधतो, आणि तेही मिळालं नाही तर नाइलाजाने व्यवसाय लिहितो.

बोलताना आपण नेमकं उलट करतो, व्यवसाय आधी. 'कुठले अशोककुमार?' 'हॉकीवाले.' एवढ्यावर काम भागतं. नटवर्य बाजूला होतात आणि १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल मारणारे ध्यानचंदांचे चिरंजीव समोर येतात. मनमोहन सिंग म्हटलं की माजी पंतप्रधानच आठवतात, पण यश चोप्रांच्या बऱ्याच चित्रपटांचे छायालेखकही मनमोहन सिंगच. बास्केटबॉलच्या मायकल जॉर्डनला त्याच नावाचे मशीन लर्निंगचे प्राध्यापक समजून कुणी शंका विचारायला जाणार नाही. तरीही प्राध्यापकमहाशय नावात 'आय' हे आद्याक्षर ठेवतात, ते बरंच करतात.

व्यवसाय कसा दगा देतो हे पाहायचं असेल तर विन्स्टन चर्चिल पाहावेत. दोघे होते. अमेरिकन चर्चिल १८७१ चे, ब्रिटिश १८७४ चे. महिनाही एकच, नोव्हेंबर. १८९९ मध्ये नावाजलेले होते ते अमेरिकन, कारण त्यांच्या कादंबऱ्या हातोहात खपत होत्या. ब्रिटिश चर्चिलनी त्यांना पत्र लिहून कळवलं की यापुढे आपण 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करू. अमेरिकन चर्चिलनी उलट टपाली लिहिलं की मला मधलं नावच नाही, असतं तर मीच लावलं असतं. आता यांच्या मागे व्यवसाय लावून बघा. 'लेखक' लिहावं, तर ब्रिटिश चर्चिलना साहित्याचं नोबेल. 'कादंबरीकार' लिहावं, तर एक कादंबरी त्यांच्याही नावावर आहे. 'राजकारणी' म्हणावं, तर अमेरिकन चर्चिल न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळात निवडून आले होते, गव्हर्नरपदालाही उभे राहिले आणि पडले. 'चित्रकार'? दोघेही रंगवायचे! शेवटी कामाला आलं ते सालांचं शेपूट आणि तो बिचारा मधला 'एस'.

मधल्या अक्षरावरही डोळे मिटून विसंबू नये. अभिनेते मायकल फॉक्स यांचं मधलं नाव अँड्र्यू. पण नटांच्या संघटनेच्या यादीत आधीच एक मायकल फॉक्स होते, म्हणून यांनी 'जे' घेतला. ते अक्षर कुठल्याच नावाचं नाही. नटांच्या संघटनांत एका नावाचा एकच सभासद, असा दंडक असतो. पहिला येईल त्याचं नाव. मायकल कीटन जन्माने मायकल डग्लस आणि स्टुअर्ट ग्रेंजर जन्माने जेम्स स्टुअर्ट, ते याच पायी बदलले. दिलीपकुमारांचा मामला याहून मजेशीर. पडद्यावरचे दिलीपकुमार मुळात युसूफ खान, आणि मुळात दिलीपकुमार असलेले गृहस्थ पुढे ए. आर. रहमान झाले.

नोंदी ठेवणाऱ्याच्या हातून चुका होतात त्या दोन तऱ्हेच्या. दोन माणसं एका नावाखाली गोळा होतात, किंवा एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. दुसरी चूक दिसते ओंगळ, पण ती निस्तरायला सोपी. दोन्ही नोंदी जोडल्या की झालं. पहिली महागात पडते. एकदा दोघांची पुस्तकं मिसळली की एकेक पुस्तक हातात घेऊन विचारावं लागतं, हे कुणाचं? म्हणून शंका असेल तर वेगळंच ठेवावं, हा जाणत्यांचा शिरस्ता. वेगळं करताना आधी काळ पाहतात. मृत्यूनंतरचं पुस्तक दुसऱ्याचं, असा अंदाज पटकन बांधला जातो आणि ती नुसती नवी आवृत्ती निघते. मग सहलेखक, संस्था, विषय. सहलेखकांचा पुरावा सर्वांत भरवशाचा, कारण माणूस विषय बदलतो, संस्थाही बदलतो, जुने सोबती मात्र सहसा सुटत नाहीत.

शोधनिबंधांत हा घोळ शिगेला पोचतो. तिथे नाव आद्याक्षरावर येतं आणि आडनाव रोमन लिपीत. चिनी भाषेत वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिली जाणारी काही आडनावं रोमनमध्ये सूर (उच्चारातला चढउतार) गळाल्यावर सगळी 'वांग' होतात. यावर २०१२ मध्ये प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख पटवणारा ऑर्किड क्रमांक आला (फुलाशी संबंध नाही): १६ अंक, चार-चारच्या गटांत. शेवटचा अंक पडताळणीचा. शून्यापासून सुरू करायचं, पहिला अंक मिळवून दुप्पट करायची, त्यात दुसरा मिळवून पुन्हा दुप्पट, असं पंधराव्या अंकापर्यंत. आलेल्या संख्येला ११ ने भागून उरलेली बाकी १२ मधून वजा करायची. उत्तर ११ आलं तर ०, १२ आलं तर १, आणि १० आलं तर 'एक्स' लिहायचा. म्हणून काहींच्या क्रमांकाच्या शेवटी 'एक्स' दिसतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर हे गणित लगेच पकडतं. पण बरोबर क्रमांक भलत्याच माणसाला चिकटवला तर ते गप्प बसतं. जुना ईमेल बंद पडला म्हणून नव्याने दुसरा क्रमांक काढणारेही निघतात, आणि मग एका माणसाचे दोन होतात ते होतातच.

तेव्हा ज्याचं पहिलं काम अजून छापून यायचंय, त्याने आधी आपल्याच नावाचा शोध घ्यावा. कुणी सापडलं तर आद्याक्षर, मधलं नाव, आईचं नाव, जे काय लावायचं ते पहिल्या कामापासून लावावं. तिसऱ्या कामाला सुचलं, तर आधीची दोन कामं जुन्या नावावरच राहतात आणि तालिकेत आपल्याच शेजारी आपणच आणखी एक म्हणून बसतो.